बघायला येणार आहेत

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यानं म्हटलं त्यानं घर विकलेलं नसणार. बांधताना निदान शिव्या द्यायला गवंडी तरी असतो. विकताना कोणाला देणार? हडपसरचं आमचं घर विकून आता काही वर्षं झाली. अजून कोणी फोनवर 'काय, रमलात का नाशिकला?' असं विचारलं की माझं डोकं फिरतं. रमलो म्हणते आणि फोन ठेवते.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि लिफ्ट नाही. आम्ही ते घेतलं तेव्हा माझ्या आईनं तोंड वाकडं केलं होतं. तिचा सगळा जन्म पेठेत गेलेला. 'हडपसर म्हणजे पुणं कुठे,' ती म्हणाली, 'पत्र पाठवत जा.' तेव्हा खरंच बाल्कनीतून भाजीचे वाफे दिसायचे आणि सकाळी कोथिंबिरीचा वास घरात यायचा. पण ह्यांचा कारखाना तिथून सायकलच्या अंतरावर होता. हे टूलरूममध्ये होते. यंत्रांचे साचे आणि बारीक भाग हातानं घासून बिनचूक करायचे, ते काम. बोलायला कमी आणि हाताला सतत चाळा. कारखान्यातून सुटून आले की घरातलं काहीतरी करत बसायचे.

काहीतरी म्हणजे माझ्या सोयी. कणकेचे हात असताना बेल वाजली की मी वैतागायचे, म्हणून ह्यांनी स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत भिंतीला छोट्या कप्प्या लावून एक दोरी नेली होती. कोपरानं दोरी ओढली की दाराची कडी उघडायची. बिल्डिंगमधली पोरं नुसती ती गंमत बघायला बेल वाजवून जायची. बाल्कनीत कपडे वाळवायच्या दांड्या दोरीनं खाली-वर होतील अशा टांगल्या होत्या. दिव्यांच्या बटणांवर रंगाचे ठिपके दिले होते, पंख्याला निळा, दिव्याला पिवळा, म्हणजे अंधारात चाचपडताना भलतंच बटण दाबलं जाऊ नये. आता अंधारात निळा काय नि पिवळा काय, हे मी बोलून दाखवलं होतं. त्यावर हे बराच वेळ विचार करत बसले आणि दुसऱ्या दिवशी ठिपक्यांच्या जागी खिळ्यांची डोकी ठोकली, एक गोल आणि एक चपटं. असा माणूस.

आणि ओट्यासमोरची फळी. सागवानी, भिंतीला बिजागरीवर लावलेली. वर केली की भिंतीला सपाट, खाली केली की बसायला जागा. पण तिला एक खोड होती. सरळ ओढली तर ती हलत नसे. आधी जराशी वर उचलायची, मग डावीकडे सारायची, मग ती आपल्या आपण अलगद खाली यायची, जरासुद्धा आवाज न करता. पाहुण्यांना ते कधी म्हणजे कधी जमलं नाही. रोज संध्याकाळी हे त्या फळीवर बसून चहा घ्यायचे आणि मी पोळ्या करायचे. आयुष्यात आमचं जे काही बोलणं झालं ते तिथंच झालं. मुलीचं लग्न आम्ही तिथंच ठरवलं.

मग हे विसरायला लागले. आधी नावं, मग भाजी आणायला जाऊन भाजीच. मी चिडायचे. मला वाटायचं, लक्ष नाही द्यायचं आणि वर वयाचं नाव सांगायचं. त्यानंतर एक दिवस हे सकाळी आंघोळ करून, डबा मागून घेऊन घराबाहेर पडले आणि दुपारपर्यंत परतले नाहीत. डबा मीच भरून दिला होता, मला वाटलं ग्रंथालयात बसून खातील. कारखाना कधीच बंद झालेला, त्या जागी काचेच्या इमारती उठलेल्या. तिथल्या गेटवरच्या वॉचमननं फोन केला. 'मॅडम, अंकल बोलतायत की आत सोडा, पाळी सुरू झालीय.' मी रिक्षानं जाऊन घेऊन आले. रिक्षात हे मला म्हणाले, 'नवीन माणूस आहे गेटवर, ओळखत नाही.'

डॉक्टरांनी तपासलं, काय आहे ते सांगितलं. औषधं दिली आणि म्हणाले, ह्यांना ओळखीच्या जागेत ठेवा, जुन्या वस्तू, जुनी माणसं आजूबाजूला असू द्या. इकडे माझे गुडघे असे की एकदा खाली उतरले की वर यायच्या आधी बाकावर बसून मनाची तयारी करायची. हे पुन्हा असे निघून गेले तर धावणार कोण? मुलगी नाशिकला. ती म्हणाली, 'आई, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावरचं घर रिकामं होतंय. मी वरच असेन.' ते घ्यायचं तर हडपसरचं विकायला हवं होतं. दुसरी वाट नव्हती. मी सगळ्या बाजूंनी विचार केला होता, तेव्हा उगाच कोणी शहाणपण शिकवू नये.

एजंट म्हणून जो आला तो इथलाच, गावातला. आमची बिल्डिंग ज्या शेतात उभी राहिली ते त्याच्या आजोबांचं शेत. गळ्यात साखळी, हातात दोन फोन, पण वागायला बरा. पहिल्याच दिवशी सोफ्यावर बसून 'काकू, विकायचं म्हणजे' असं म्हणायला लागला, तशी मी त्याला उठवून बाहेर जिन्यात नेलं. आमच्याकडे घरात अभद्र बोलत नाहीत. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. माझा विश्वास आहे की नाही ते मला विचारू नका, पण जन्मात कधी मी घरात बसून 'मरू दे मेलं' असंसुद्धा म्हटलेलं नाही. घर विकायचं ते घरातच बसून बोलायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. मग सगळी बोलणी जिन्यात झाली. घरात आम्ही 'रंग काढायचाय' एवढंच म्हणायचो. ह्यांनाही म्हणूनच सांगितलं नाही.

जिन्यात उभं राहून त्यानं मला धडा दिला. 'काकू, पब्लिकला आता मोकळं लागतंय. हे फोटो, कॅलेंडरं, कपाटावरचे डबे, सगळं काढायचं. पांढरा रंग द्यायचा. घरात तुमी राहताय असं दिसाय नको.'

'मग कोण राहतंय असं दिसायला हवं?'

'कुणीच नाय. बघणाऱ्याला वाटाय पायजे, हितं मीच राहतोय. देवघर असू द्या. देवाचं कुणाला वावडं नाय.'

'देवांवर उपकार झाले तुझे,' मी म्हटलं. तो हसला. वाईट नव्हता तो.

म्हणजे डॉक्टर म्हणत होते जुनं काढू नका, आणि एजंट म्हणत होता जुनं ठेवू नका. मला त्या दोघांच्या मधून वाट काढायची होती. माझी इच्छा एवढीच होती की नाशिकला पोहोचेपर्यंत ह्यांनी मला ओळखावं. तिथं एकदा माझा हात धरून घरात शिरले की पुढचं बघून घेऊ. घराला भाव कमी आला तरी चालेल, पण हे एवढं व्हावं. देवाजवळ मागायला म्हणून मी देवघरासमोर बसायचे आणि तिथं तरी मोठ्यानं मागायला काय हरकत आहे म्हणून मोठ्यानं मागायचे.

रंगारी लागले. फोटो उतरले. आमच्या लग्नाचा, मुलीच्या पदवीचा, ह्यांच्या आईवडिलांचा. खाली चौकोनी डाग राहिले होते, त्यांवर पुट्टी भरून पांढरा हात फिरला. हे खुर्चीत बसून सगळं बघत होते. रंगारी कॅम्पातला, मोठा अदबशीर. जाता-येता ह्यांना विचारायचा, 'क्यों साहब, ठीक आहे ना?' हे मान डोलवायचे.

आता आमच्यासारख्यांच्या घरात रंग निघतो तो एक दिवाळीला, नाहीतर घरात कार्य असेल तेव्हा. दिवाळी तर होऊन गेली होती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण बाल्कनीतला आकाशकंदील उतरवताना त्यांनीच स्टूल धरलं होतं. त्यात मी फोनवर एजंटला म्हटलं, 'उद्या बघायला येणार आहेत ना? बरं बरं.' हे खुर्चीतून उठले आणि माझ्याजवळ आले.

'मुलीला बघायला येणार आहेत?'

मी फोन हातात घेऊन उभी. काय सांगणार? मुलीला बघून, तिचं लग्न होऊन, तिची मुलगी आता अकरावीत. ह्यांचा चेहरा मात्र इतका उजळला होता. कितीतरी दिवसांनी त्यांना एखादी गोष्ट कळली होती आणि ती त्यांनी स्वतः ताडली होती.

'हो,' मी म्हटलं.

'मग पोहे करशील ना? वर खोबरं घाल. आणि पोरीला सांग, उगाच नखरे करू नकोस म्हणावं.'

दुसऱ्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मीही पोहे केले. एजंट येऊन नाक ओढून म्हणाला, 'काकू, फोडणीचा वास राहतोय घरात, कायतरी स्प्रे मारा.' त्याला मी एक डिश हातात दिली तेव्हा गप्प झाला. बघायला आले होते नवरा-बायको, पन्नाशीचे, साताऱ्याकडचे. मुलगा इथं नोकरीला, त्याच्यासाठी घर बघत होते. मुलगा आलेला नव्हता. हे पुढे झाले, नमस्कार केला, बसा म्हणाले. मी दारात उभी.

'मुलगा काय करतो?' ह्यांनी विचारलं.

'आयटीत आहे, खराडीला,' ते गृहस्थ म्हणाले.

'खराडीला? म्हणजे जवळच की. काही व्यसन वगैरे?'

ते गृहस्थ जरा चपापले. पण सोसायटीतली माणसं हल्ली असलं विचारतात, ते त्यांना माहीत असावं. 'नाही हो. सुपारीसुद्धा खात नाही.'

'छान. आमचीही शांत आहे. शिकलेली आहे. जरा हट्टी आहे, पण ते आईवर गेलंय.'

त्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवून त्यांना खूण केली आणि त्या समजल्या. शहाणी बाई होती. मग ते दोघं एजंटबरोबर आत गेले, न्हाणीघराचा नळ सोडून बघितला, पाण्याचं विचारलं. खडकवासल्याचं येतं, उन्हाळ्यात टँकर, असं मी खरं तेच सांगितलं. हे माझ्या कानाशी लागले, 'न्हाणीघर कशाला बघतात गं?'

'हल्ली बघतात,' मी म्हटलं.

'काय एकेक,' हे म्हणाले. निघताना त्या गृहस्थांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. 'घाई नाही, पत्रिका बघा आणि सावकाश कळवा.'

त्यांनी कळवलं नाही. खोल्या अंधाऱ्या वाटल्या, असं एजंटनं मला जिन्यात सांगितलं. ह्यांना कोण सांगणार? हे रोज विचारायचे. 'त्यांच्याकडून काही आलं का?' मी म्हणायचे, येईल. बाकी सगळं विसरणारा माणूस, सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नसे, पण हे मात्र पक्कं डोक्यात बसलेलं. एक दिवस मी पोळ्या करत होते. हे फळीवर बसून होते, चहा निवून गेला होता. मला म्हणाले, 'नकार आलाय ना? तू सांगत नाहीयेस.' मी तव्यावर पोळी टाकली. 'आपल्या पोरीत काय कमी आहे?' असं म्हणून हे रडायला लागले. लग्नानंतर मी ह्यांना कधी रडताना पाहिलेलं नव्हतं, ह्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ उभी राहिले. तव्यावरची पोळी जळली. घर विकायचा विचार त्या क्षणी सोडून द्यावा असं मला फार वाटलं. दुसऱ्या दिवशी गुडघे नाही म्हणाले.

आणखी दोन-तीन कुटुंबं बघून गेली. कोणाला मोकळं वाटेना, कोणाला जुनाट वाटलं. एजंट जिन्यात हळू आवाजात म्हणाला, 'काकू, राग मानू नका. ती दोरी काढा आता. ती कपडे वाळवायची भानगड, ती बटणं. लोक हसतायत. लोखंडी कपाट काढलं तर खोली डबल दिसंल. मी फिटरला पाठवतो, तुमी नुसतं हो म्हना.'

मी हो म्हणाले. ह्यांना मी शेजारच्या वहिनींकडे टीव्ही बघायला नेऊन बसवलं आणि तेवढ्यात सगळं निघालं. कप्प्या, दोरी, दांड्या. खिळ्यांची डोकी गेली आणि गुळगुळीत पांढरी बटणं आली. कपाट गेलं, आमचा पलंग गेला, त्या जागी बसका, नवीन. पिवळ्या दिव्यांच्या ऐवजी पांढरेफटक दिवे. पुढच्या दाराला नवा रंग, आणि त्यावरची पाटी निघाली. फिटरनं स्वयंपाकघरात येऊन फळीला हात घातला, ओढली, हलली नाही. त्यानं पक्कड काढली.

'ती राहील,' मी म्हटलं.

एजंट म्हणाला, 'काकू, मॉड्युलर किचनच्या जमान्यात...'

'ती गेली तर मी घर विकत नाही. बघ बाबा, तुझ्या आजोबांची शेती आहे, परत घेतोस तर घे.' मी हे घरातच आणि चढ्या आवाजात म्हटलं. वास्तूला काय म्हणायचं ते म्हणू दे. फळी राहिली.

संध्याकाळी ह्यांना घरी आणलं. दारात थबकले. मी हात धरून आत आणलं. हे मधोमध उभे राहिले, कुठं बसावं ते कळेना. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन हात वर केला, जिथं दोरी असायची तिथं. हात नुसताच मिटला आणि उघडला. मग हात मागे घेऊन, दुसऱ्याच्या घरात चुकून कशाला तरी हात लावला गेला की माणूस जसा ओशाळतो, तसे हे ओशाळले. 

त्या दिवसापासून हे पाहुणे झाले. अगदी पुणेरी पाहुणे, यजमानाला कसलाही त्रास द्यायचा नाही. खुर्चीच्या कडेला टेकून बसायचे. तहान लागली तरी मागायचे नाहीत, मीच ओळखून द्यायचे. दिलं की म्हणायचे, 'कशाला उगाच, वहिनी.' पहिल्यांदा 'वहिनी' म्हणाले तेव्हा मी आजूबाजूला बघितलं, शेजारच्या आल्या का म्हणून. संडासला जायचं तर विचारून जायचे. आणि उन्हं कलली की उठायचे. 'निघू का मग? फार वेळ झाला. घरी ही वाट बघत असेल.'

ही म्हणजे मी. ती घरी वाट बघत होती, आणि मी इथं पाणी देत होते.

पहिल्यांदा मी समजावलं. अहो, हेच आपलं घर, मीच ती. तशी ते घाबरले आणि माझ्याकडे दयेनं बघायला लागले. मग मी ती चूक पुन्हा केली नाही. मीच म्हणायचे, 'चला, मी सोडते तुम्हाला.' चपला घालून दोघं खाली उतरायचो, एकेक पायरी. पार्किंगला वळसा, चिंचेखालच्या बाकावर जरा बसणं, आणि पुन्हा वर. दारात आले की मी मोठ्यानं म्हणायचे, 'आलं बाई घर.' कधीकधी लागू पडायचं. आत येऊन चप्पल नीट कोपऱ्यात लावायचे आणि म्हणायचे, 'अगं, चहा टाक.' त्या एका 'अगं'साठी मी तिन्ही मजले चढत होते. गुडघ्यांची तक्रार मी त्या दिवसांत कोणाकडे केली नाही. पुढे पुढे तेही चालेना. नवा रंग दिलेलं, पाटी नसलेलं दार बघून हे म्हणायचे, 'हे नव्हे. आमचं हे नव्हे.'

मुलगी रोज फोनवर म्हणायची, थोडे दिवस आई. तिला तरी काय बोलायचं? ती रडायची, मी तिला दटावायचे.

एजंटचं म्हणणं मात्र खरं ठरलं. घर उजळ दिसायला लागलं, मोठं दिसायला लागलं. बघणारे आता आत पाऊल टाकताच 'अरे वा' म्हणायचे. आणि गंमत अशी की ते साताऱ्याचे नवरा-बायको पुन्हा आले. मुलगाही आला होता ह्या खेपेला, कानात कसलीशी यंत्रं घालून. त्याला घर पसंत पडलं. 'सो मच बेटर दॅन व्हॉट बाबा डिस्क्राइब्ड,' असं काहीसं म्हणाला. त्याचे बाबा नुसते सगळीकडे बघत राहिले. 'पूर्वी फोटो होते ना इथं,' असं त्यांनी मला विचारलं. होते म्हटलं.

हे खुर्चीच्या कडेला बसलेले. त्या गृहस्थांनी ओळख दाखवून नमस्कार केला तेव्हा ह्यांनीही केला. 'आपणही भेटायला आलात का?' ह्यांनी विचारलं. 'बसा ना. वहिनी आत आहेत. माणसं चांगली आहेत ही.'

बाप-लेक आणि एजंट बाल्कनीत गेले. मी आणि त्या बाई स्वयंपाकघरात. ओट्याची उंची त्यांना पसंत होती. खिडकी पसंत होती. मग त्यांचं लक्ष फळीकडे गेलं. 'हे काय आहे हो?' म्हणून त्यांनी कडेला बोटं घालून ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. 'अडकलीय वाटतं.'

मी पुढे होणार, इतक्यात दारातून आवाज आला, 'थांबा, थांबा. जोर लावू नका.'

हे आत आले. मध्ये परवानगीसाठी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग ह्यांनी हात घातला. फळी जराशी वर उचलली, डावीकडे सारली, आणि ती अलगद खाली आली, जरासुद्धा आवाज न करता. डोळे दुसरीकडेच होते ह्यांचे, त्या बाईंकडे, 'असं' म्हणून दाखवत होते. हातानं सगळं केलं आणि मग त्यांनी खाली बघितलं. बघतच राहिले.

 मला वाटलं, आता. आता म्हणतील, अगं, चहा टाक.

हे वाकले. फळीवरून तळवा फिरवला. खाली वाकून बिजागरी बघितली, तिच्यावर बोट फिरवून बोट नाकाशी नेलं, तेल आहे का बघायला. फळी वर केली, पुन्हा खाली केली. कारखान्यात दुसऱ्याचं काम तपासायला आलं की कसं बघत असतील, तसं. मग सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे वळले.

'वहिनी, हे कोणी केलंय?'

त्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

'आमच्या ह्यांनी,' मी म्हटलं.

'घरीच केलंय? हातानं?'

'हो. मला पोळ्या करताना सोबत हवी म्हणून.'

'असं,' हे म्हणाले. पुन्हा एकदा फळीकडे बघितलं. 'घरी नाहीत का ते?'

'बाहेर गेलेत.'

'आले की सांगा त्यांना,' हे म्हणाले, 'काम फार चांगलं आहे म्हणावं. मला भेटायला आवडलं असतं. पण आता निघायला हवं, घरी ही वाट बघत असेल.'

'सांगते,' मी म्हटलं. 'चहा घेऊन जा.'

हे नको नको म्हणाले. मी आधण ठेवलं. तोपर्यंत हे फळीवर बसले, अगदी कडेला, पाहुण्यासारखे, आणि मी कणकेचा डबा काढला.